मोर्चा कुठे संपतो, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न कुठे सुरू होतो

हिवाळी अधिवेशन आटोपून महिना झाला असेल. एक आशा सेविका पोलिसांची नोटीस घेऊन माझ्याकडे आली. मानधनासाठी निघालेल्या मोर्चात ती होती. ठरवून दिलेल्या जागेच्या पुढे गर्दी सरकली आणि गुन्ह्यात तिचंही नाव आलं. खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं, "वकील साहेब, हे देशद्रोहाचं तर नाही ना जी?"

नोटिशीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ होतं, त्याच्या शिक्षेचं १३५ होतं आणि भारतीय न्याय संहितेचं २२३ होतं. तिघांचा मिळून अर्थ एवढाच, की पोलिसांनी जमावबंदीचा आदेश काढला होता आणि तो मोडला गेला. पण तिला आकडे काय सांगणार? टीव्हीवर रोज आंदोलन आणि राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द एका दमात ऐकणाऱ्या बाईला ते सारखेच वाटणार. तिच्या त्या प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करू. आंदोलनासमोर दोन रेषा असतात. पहिली कायद्याची. परवानगीविना मोर्चा काढला, रस्ता अडवला, कठडे ढकलले, की ती ओलांडली जाते आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरी रेषा बरीच आत आहे, ती देशाच्या सुरक्षेची. पहिली ओलांडणाऱ्यांची गणती नाही. यात गांधीजी येतात, जमनालाल बजाज येतात, वल्लभभाई पटेल येतात. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगी झेंडा घेऊन मिरवणूक न्यायला इंग्रजांनी १४४ कलमाखाली बंदी केली. बजाज पकडले गेले, मग पटेलांनी सूत्रं घेतली आणि देशभरातून माणसं येऊन शेकड्यांनी तुरुंगात गेली. झेंडा सत्याग्रह म्हणतात तो हाच. त्यांनी कायदा मोडला होता, समजून-उमजून मोडला होता आणि शिक्षाही भोगली. ते जुनं १४४ आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ या आकड्याने जगतं आहे, आणि ज्या सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा न्यायला मनाई होती तिथेच आपलं विधानभवन आहे.

दुसरी रेषा ओळखायची सर्वात सोपी रीत ज्यांनी सांगितली ते नागपुरातच घडले. मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजात शिकले, १९३० पासून इथे वकिली केली, इथल्या विद्यापीठात कायदा शिकवला, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश. ते सुप्रीम कोर्टात असताना राममनोहर लोहियांचं प्रकरण आलं. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं. नियमांमध्ये कारण म्हणून शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. आदेशात लिहिलं होतं 'कायदा व सुव्यवस्था'. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. कोर्टाने या फरकावर लोहियांना सोडलं.

हिदायतुल्लांनी निकालपत्रात एक चित्र काढून दाखवलं. एकात एक तीन वर्तुळं कल्पा. सर्वात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं. त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचं. आणि अगदी आत, सर्वात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. आतल्या वर्तुळात जे घडतं त्याने बाहेरची दोन्ही हलतात. बाहेरच्या वर्तुळात घडलेलं मात्र आत पोचतंच असं नाही. दारू पिऊन दोघे रस्त्यावर भांडले तर पोलीस त्यांना उचलतील, पण त्यासाठी स्थानबद्धतेचा कायदा वापरता येणार नाही. तेच दोघे दोन वेगळ्या जमातींचे असतील आणि त्यातला एक धर्माच्या नावाने लोक पेटवू लागला, तर गोष्ट दुसऱ्या वर्तुळात शिरते. हे उदाहरणही त्यांचंच.

१९७० मध्ये, सरन्यायाधीश असताना, अरुण घोष यांच्या खटल्यात त्यांनी आणखी नेमकं सांगितलं: कृत्य कोणतं, यावरून वर्तुळ ठरत नाही. त्याची झळ समाजात किती दूर पोचली, लोकांचं रोजचं जगणं विस्कटलं का, यावरून ते ठरतं. इतक्या वर्षांत याहून कामाची कसोटी मला सापडलेली नाही.

मॉरिस कॉलेजचं नाव निघालं की नागपूरकराला दुसरंच काही आठवतं, आणि ते टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला हजारो गोवारी विधानभवनाकडे निघाले होते. मॉरिस कॉलेजच्या कोपऱ्यावर त्यांना अडवलं, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं फार होती. कुणाच्या हाती शस्त्र नव्हतं, राज्य उलथवण्याचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. वर्तुळांच्या हिशेबात तो मोर्चा सर्वात बाहेरचा. म्हणून बाहेरचं वर्तुळ म्हणजे किरकोळ मामला, असं कुणी म्हटलं की मी त्याला झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकापाशी घेऊन जातो. बाहेरच्या वर्तुळातही राज्यावर जबाबदारी असते. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्काची वाट मोकळी ठेवणं हे बंदोबस्ताचं पहिलं काम आहे.

आता हीच वर्तुळं आपल्या भागातल्या घटनांवर ठेवून पाहू.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कर्जमाफीसाठी आलेल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून वर्धा रोड अडवला. वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. विमानतळ आणि एम्सकडे जाणाऱ्यांचा हाच रस्ता, त्यामुळे लोकांचे हाल झाले हे खरंच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा करायला सांगितलं. पुढे सरकारशी बोलणी झाली आणि आंदोलन थांबलं. २०२० मध्ये शाहीनबागच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं होतं, की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येत नाही. वर्धा रोडवर पहिली रेषा नक्की ओलांडली गेली. दुसऱ्या वर्तुळाच्या काठाला गोष्ट लागली असंही कुणी म्हणू शकेल. तिसऱ्याशी तिचा काही संबंध नव्हता, आणि सरकारनेही तिला चर्चेने सोडवायचा प्रश्न म्हणूनच हाताळलं.

१७ मार्च २०२५ ची रात्र वेगळी होती. नागपूरच्या महाल भागात दुपारी एक निदर्शन झालं, अफवा उठल्या, आणि रात्री दगडफेक, जाळपोळ. शहरातल्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, एका जखमीचा पुढे मृत्यू झाला. ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता अशी घरं दारं लावून बसली, शाळा बंद, दुकानं बंद. रोजचं जगणं विस्कटणं म्हणतात ते हेच. हे दुसरं वर्तुळ, यात मला शंका नाही. पण सायबर पोलिसांनी समाजमाध्यमांवरच्या मजकुराबाबत काहींवर न्याय संहितेचं कलम १५२ सुद्धा लावलं. ते कलम तिसऱ्या वर्तुळाचं आहे. ते टिकायचं तर मजकुराने दोन जमातींमध्ये आग लावली एवढं दाखवून भागणार नाही. देशाची एकता किंवा सार्वभौमता धोक्यात आणण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागेल. दंगल भडकवणं हा फार गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी कायद्यात पुरेशी कलमं आहेत.

आणि तिसरं वर्तुळ? ते शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली. १५ जवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. भाकप (माओवादी) ही संघटना २००९ पासून दहशतवादी संघटनांच्या केंद्रीय यादीत आहे. संविधान मानायचं नाही, बंदुकीने सत्ता घ्यायची, हा तिचा जाहीर मार्ग. याला आंदोलन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच गडचिरोलीत, त्याच जंगलात, खाणींना विरोध म्हणून ग्रामसभा धरणे देतात, ठराव करतात, कोर्टात जातात. दोघांच्या तोंडी जल-जंगल-जमीन हेच शब्द असू शकतात. कायद्याने शब्दांवर थांबू नये, हातात काय आहे आणि ते कुणावर रोखलं आहे ते पाहावं. एका बाजूला ठरावाचं पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला सुरुंग असताना हे ओळखणं अवघड नसतं. अवघड तेव्हा होतं, जेव्हा दुसरी बाजू पहिलीच्या आडोशाला उभी असल्याचा आरोप होतो. त्याकडे येतोच.

त्याआधी घोषणांचं. सर्वात जास्त गैरसमज इथेच आहे. १२४अ या जुन्या कलमाला मराठीत राजद्रोह म्हणत, टिळकांवर लागलं ते हेच. लोकांच्या तोंडी त्याचा देशद्रोह झाला, आणि राज्य म्हणजे सरकार की देश हा फरक पुसला गेला. सुप्रीम कोर्टाने तो १९६२ मध्येच केदारनाथ सिंग खटल्यात घालून दिला होता: सरकारवर कितीही कडक टीका करा, जोवर हिंसेची किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याची चिथावणी नाही तोवर गुन्हा नाही. १९९५ चा बलवंत सिंग निकाल याहून पुढचा. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली तो दिवस. चंदीगडला काहींनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. याहून नाजूक वेळ आणि याहून चीड आणणारी घोषणा कोणती असेल? तरी कोर्ट म्हणालं, एक-दोनदा दिलेल्या घोषणेने लोकांत काही उमटलं नाही, काही घडलं नाही, तेव्हा हा राजद्रोह होत नाही.

आपल्याकडचा दाखला विदर्भाचा. वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे महाराष्ट्र दिनाला काळा दिवस पाळतात, 'जय विदर्भ'च्या घोषणा देतात, नकाशातून एक भाग तोडून मागतात. ही फुटीर वृत्ती झाली का? मुळीच नाही. नवं राज्य करण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे, आणि ही मागणी त्याच चौकटीत आहे. भारतापासून सशस्त्र फुटून निघण्याची चिथावणी ही वेगळी जात. 'तोडा' हा शब्द दोन्हीकडे येतो म्हणून दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२४अ चा वापर थांबवला आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आल्यावर ते कलम गेलं. त्याच्या जागी १५२ आलं. त्यात सरकारबद्दल अप्रीती हा शब्द नाही, ही सुधारणा. फुटून निघणं, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना चेतवणं, फुटीर कारवायांच्या भावनेला प्रोत्साहन देणं, देशाची सार्वभौमता व एकात्मता धोक्यात आणणं, यांवर जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. सरकारच्या धोरणावर कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका गुन्हा नाही, असा खुलासाही जोडला आहे. मला खटकतो तो 'भावनेला प्रोत्साहन' हा तुकडा. विध्वंसक कारवाया म्हणजे नेमकं काय, याचीही व्याख्या दिलेली नाही. बलवंत सिंगमधली कसोटी या नव्या शब्दांना लागू करायची की नाही, हे कोर्टांना एकेका खटल्यातून ठरवावं लागणार आहे.

आता यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंध कायदा. मूळ १९६७ चा. दहशतवादाचा भाग त्यात २००४ मध्ये आला, मुंबई हल्ल्यानंतर २००८ मध्ये तो कडक झाला, २०१९ पासून एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येतं. त्याचं १५ वं कलम बॉम्ब, बंदुका, विषारी वायू अशी यादी देतं आणि शेवटी म्हणतं, 'किंवा इतर कोणत्याही साधनाने'. परिणामांच्या यादीतही मृत्यू आणि इजेबरोबर जीवनावश्यक सेवा-पुरवठा विस्कळीत होणं आहे. सगळा वाद या दोन ठिकाणी पेटतो. सरकारी बाजू म्हणते, ठरवून शहराच्या नाड्या आवळणं हेही साधनच. बचाव म्हणतो, मग प्रत्येक चक्काजाम दहशतवाद ठरेल. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीन विद्यार्थी कार्यकर्त्यांना जामीन देताना म्हटलं, की असहमती दडपण्याच्या घाईत निषेधाचा हक्क आणि दहशतवाद यांच्यातली रेषा राज्याच्या मनात पुसट होते आहे. सुप्रीम कोर्टाने जामीन राहू दिला, पण तो निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरायला मनाई केली. म्हणजे प्रश्न मिटला नाही.

सरकारचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. स्फोट झाल्यावर पंचनामा करणं एवढंच काम असेल तर सुरक्षा यंत्रणा कशाला हवी? कट हा बैठकीतच शिजतो, आणि मोर्चाच्या गर्दीचा आडोसा घेऊन हिंसा घडवणारे असतातही. माझा आग्रह इतकाच, की आडोसा घेतल्याचा पुरावा त्या माणसाच्या स्वतःच्या कृत्यातून यावा. त्याची मतं, त्याच्या कपाटातली पुस्तकं, तो कोणत्या सभेला बसला होता, एवढ्याने तो येत नाही.

हा आग्रह कशापायी, ते जामिनाचं गणित पाहिलं की कळतं. साध्या गुन्ह्यात पोलिसांना ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र द्यावं लागतं. यूएपीएत ही मुदत कोर्टाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढते. अटकपूर्व जामीन नाही. आणि ४३ड(५) म्हणतं, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटण्याला वाजवी कारण असेल तर जामीन द्यायचाच नाही. २०१९ च्या वटाली निकालानंतर त्या टप्प्यावर पुराव्याची फार चिकित्साही करता येत नाही. खटला लांबतो आणि खटल्याची वाट पाहणं हीच शिक्षा होऊन बसते. २०२१ च्या नजीब निकालाने दार थोडं उघडलं: खटला लवकर संपण्याची आशा नसेल आणि आरोपी वर्षानुवर्षं आत असेल तर घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं.

नागपूरने हे जवळून पाहिलं आहे. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या शोमा सेन यांना एल्गार परिषद प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना जामीन दिला आणि सांगितलं, की त्यांच्याविरुद्धच्या साहित्यातून दहशतवादाचे आरोप प्रथमदर्शनी खरे दिसत नाहीत. जवळजवळ सहा वर्षांनी. प्रा. जी. एन. साईबाबा यांचा खटला आंदोलनाचा नव्हता, बंदी असलेल्या संघटनेशी संबंधाचा होता. अटक २०१४, गडचिरोलीच्या कोर्टात जन्मठेप २०१७, आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना व सहआरोपींना निर्दोष सोडलं. मधली बरीच वर्षं ते आपल्या मध्यवर्ती कारागृहात होते. एक सहआरोपी तोवर कैदेतच वारला होता, आणि साईबाबाही त्याच ऑक्टोबरात गेले. गडचिरोलीत जवान गेले ते दुःख खरं आहे आणि ही वर्षं गेली तेही खरं आहे. एकाने दुसरं फिटत नाही.

राज्याचा स्वतःचा कायदाही याच रांगेत आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच अधिवेशनात मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या, काही बदल झाले, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, असं सरकारने सांगितलं. मूळ मसुद्याच्या 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला प्रोत्साहन देणं हेही होतं. झेंडा सत्याग्रहाच्या गावात बसून ते वाचताना मी थबकलो. अवज्ञा ही पहिली रेषा आहे, आणि तिला तिसऱ्या वर्तुळाचा कायदा लावायची वाट अशा शब्दांतून निघते.

नावांवर जाऊ नका, हेही सांगायला हवं. १९८० च्या कायद्याचं नाव राष्ट्रीय सुरक्षा कायदा, पण त्याखाली सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणानेही बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. म्हणजे 'रासुका लागला' ही बातमी वाचून तो माणूस देशाला धोका होता, असा निष्कर्ष निघत नाही. आदेशातलं कारण वाचावं लागतं, लोहियांच्या आदेशाचं वाचलं होतं तसं.

२०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आंदोलकांना बेमुदत धरण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि म्हटलं, एका कायद्याला विरोध करायचा आहे म्हणून या लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही. त्या आशाताईला मी हाच निकाल सांगितला. तिच्या नोटिशीतली तिन्ही कलमं बाहेरच्या वर्तुळाची होती, तारखेला हजर राहावं लागेल, एवढंच.

कुणाच्या कागदावर न्याय संहितेचं १५२, दहशतवादी कृत्याचं ११३ किंवा यूएपीए दिसलं, तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा, कारण तिथे प्रत्येक दिवसाचा हिशेब वेगळा चालतो. अटकेची कारणं लेखी मागा. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की यूएपीएतही ती लेखी द्यावीच लागतात, नाहीतर अटकच बेकायदेशीर ठरते. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन आहे.